साक्सायवामान : कुस्कोच्या माथ्यावर अर्धा दिवस तरी काढावा

पेरूच्या सहलीत सगळ्यांचे लक्ष माचू पिचूकडे लागलेले असते. त्यामुळे इंकांची जुनी राजधानी असलेल्या कुस्को शहराच्या उत्तरेकडील टेकडीवरचे साक्सायवामान हे भव्य दगडी वास्तुसंकुल पाहायला अनेक सहलींत जेमतेम तासभर दिला जातो. माझ्या मते हा या स्थळावर अन्याय आहे. स्पॅनिश आक्रमणापूर्वी इथे राज्य करणाऱ्या इंकांचे स्थापत्य आणि त्यांची सूर्योपासना समजून घ्यायची असेल, तर इथे किमान अर्धा दिवस राखून ठेवावा.

पंधराव्या शतकात पाचाकुती या सम्राटाच्या काळात सुरू झालेले हे बांधकाम त्याच्या वारसांनी पुढे नेले. विस्तीर्ण पटांगणाच्या एका अंगाला, टप्प्याटप्प्याने चढत जाणाऱ्या आणि सतत आत-बाहेर वळणाऱ्या तीन चुनखडी भिंती आहेत. त्यांची लांबी सुमारे ४०० मीटर असून सर्वांत मोठ्या दगडाचे वजन १०० टनांहून अधिक असल्याचे मानले जाते. सिन्नरच्या गोंदेश्वरासारखी हेमाडपंती मंदिरे पाहिलेल्यांना चुन्याविना दगडात दगड बसवण्याची रीत नवी नाही. मात्र आपल्याकडचे चिरे सरळ थरांत रचलेले असतात, तर इथे एकाही दगडाचा आकार दुसऱ्यासारखा नाही आणि प्रत्येकाचे कोन शेजारच्या दगडांना जुळवूनच घडवलेले आहेत. अगदी जवळ जाऊन एखादा सांधा जरूर निरखावा. दगडाच्या कडा आतल्या बाजूला उतरत्या केलेल्या असल्याने त्याचा दर्शनी भाग किंचित फुगीर दिसतो आणि कलत्या उन्हात प्रत्येक सांध्यात सावलीची बारीक रेघ उमटते. याच कारणासाठी मी सकाळऐवजी दुपार उलटल्यावर जाण्याचा आग्रह धरेन.

पुढे कुस्को जिंकणाऱ्या स्पॅनिशांनी या जागेला किल्ला म्हटले. १५३६ मध्ये स्पॅनिशांविरुद्ध उठलेल्या मांको इंका या राजाने कुस्कोला वेढा घातला तेव्हा इथे घनघोर लढाई झाली आणि तीत स्पॅनिश सेनानी फ्रान्सिस्को पिसारोचा भाऊ हुआन पिसारो मारला गेला, त्यामुळे ती ओळख पक्की झाली. पण माथ्यावरचा मुयुकमार्का या बुरुजाचा पाया पाहिला की लढाईपलीकडचे प्रयोजन जाणवते: एकात एक अशी तीन वर्तुळे, त्यांना जोडणाऱ्या भिंती आणि पाणी खेळवण्याचे पाट. समोरच्या खडकाळ उंचवट्यावर कोरलेल्या पायऱ्या आणि आसनेही आवर्जून पाहावीत. पुढे शहरातली चर्चे व घरे बांधण्यासाठी इथले हलवता येण्याजोगे दगड खाली नेले गेले. आज उभे आहेत ते प्रामुख्याने कुणालाच न हलवता आलेले दगड, हे कळल्यावर मन विषण्ण होते.

व्यवस्थेबाबत मात्र मी पूर्ण समाधानी नाही. माहितीफलक अपुरे आहेत, म्हणून वाटाड्या घ्यावाच लागतो. आम्हाला मिळालेल्या वाटाड्याने बराच वेळ दगडांच्या रचनेत प्राण्यांचे आकार दाखवण्यात घालवला. त्याऐवजी बांधकाम आणि पाण्याची योजना समजावून सांगा, असे आधीच स्पष्ट करावे. प्रवेश कुस्कोच्या एकत्रित पर्यटन तिकिटावर मिळतो. मी गेलो तेव्हा परदेशी प्रौढांसाठी १३० सोलच्या (सोल हे पेरूचे चलन) तिकिटात दहा दिवस १६ ठिकाणे पाहता येत होती. ७० सोलच्या तिकिटात हे स्थळ आणि जवळची आणखी तीन ठिकाणे होती, पण ते एकाच दिवसापुरते होते.

उंचीचा विचार गांभीर्याने करावा. हे ठिकाण सुमारे ३,७०० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून अधिक उंचीवर आहे. कुस्कोत एक-दोन दिवस विश्रांती घेऊन, शरीर रुळल्यावरच वर जावे, आणि ज्येष्ठांनी चढाची पायवाट टाळून टॅक्सीच करावी.

२४ जूनला इथे इंटी रायमी हा सूर्योत्सव होतो. स्पॅनिश राजवटीत बंद पडलेला हा सोहळा १९४४ पासून इंकांच्या केचुआ भाषेतील नाट्यरूपात पुन्हा साजरा होऊ लागला. आसनांची तिकिटे महाग असतात, परंतु आसपासच्या उतारांवरून स्थानिक कुटुंबे तो विनामूल्य पाहतात. वास्तू शांतपणे पाहायची असेल, तर हा दिवस सोडून यावे.

पायांत बळ उरले असेल, तर तिथून जवळच्या केनको या इंका स्थळापर्यंत चालत जावे. तिथे एका अखंड खडकाच्या पोटात कोरलेली थंडगार खोली आणि दगडी वेदी आहे, आणि वरच्या बाजूला धार्मिक विधींत द्रव वाहवण्यासाठी असावी अशी एक वळणावळणाची पन्हळ अजून स्पष्ट दिसते.