सोनार किल्ला बघायला निघालो होतो, ३९ हजार गेले

दिवाळीच्या सुट्टीत जैसलमेरला जायचं, हे आमच्या घरी गणपतीतच ठरलं होतं. आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, सोनार किल्ला बघायचा होता. वय ७२. रावळ जैसलनं ११५६ मध्ये वसवलेला, पिवळ्या दगडाचा, आणि आत अजून माणसं राहतात, हे त्यांनी कुठंतरी वाचलेलं. "आपल्या पन्हाळ्यागतच की, गडावर वस्ती," असं म्हणायच्या. भाऊजी, जाऊबाई, मुलं धरून आम्ही नऊजण. पैसे माझ्या भिशीचे.

एक रात्र जैसलमेरबाहेरच्या सम गावच्या वाळूत, तंबूत काढायची होती. एका कॅम्पचं नाव आवडलं. मोबाईलच्या नकाशावर त्या नावाखाली जो नंबर होता त्यावर फोन लावला. तो नंबर कॅम्पचा नव्हताच. नकाशावरच्या नोंदीत बदल कुणीही सुचवू शकतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

समोरचा माणूस फार अदबीनं बोलला. उंट, जीप, रात्रीचं जेवण, कालबेलिया नाच, सगळं सांगितलं. आईंच्या गुडघ्याची चौकशी केली, त्यांच्यासाठी पायऱ्या नसलेला तंबू देतो म्हणाला. फोटो पाठवले. एका फोटोत तंबूच्या मागं किल्ला उभा. "भाभीजी, माताजी को टेंट से ही किला दिखेगा." आई तो फोटो मोठा करून करून बघत होत्या. मी १२ हजार ॲडव्हान्स पाठवला.

सम किल्ल्यापासून जवळजवळ ४० किलोमीटर लांब आहे. रंकाळ्यावर उभं राहिलं तर निपाणी दिसेल का? नकाशा माझ्या हातातच होता, पण मी त्यात फक्त फोन नंबर बघितला.

आठवड्यानं परत फोन आला. सम सरहद्दीकडं आहे, माणशी १,५०० रुपये परमिट लागतं, तिथं पोचल्यावर परत मिळतील. नऊ जणांचे १३,५०० दिले. समला जायला आपल्याकडच्या पर्यटकांना परमिट लागतच नाही. पण 'बॉर्डर' म्हटल्यावर आमच्या घरात कुणाला शंकाच आली नाही.

शंका आली ती जाऊबाईंना, पावती बघून. त्या एका दुकानात हिशेब लिहितात. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, राजस्थानचे ०८. पावतीवर ०७ होतं, म्हणजे दिल्ली. जीएसटीच्या सरकारी साइटवर नंबर टाकून बघितला तर तो भलत्याच कुणाचा तरी निघाला. पैसे पाठवताना यूपीआयवर कॅम्पचं नाव न दिसता एका माणसाचं नाव दिसलं होतं, तेही मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

मी बुकिंग रद्द करा म्हणाले. तो लगेच तयार झाला. निदान परमिटचे पैसे तरी सुटतील, या आशेनं मी त्याचं ऐकत गेले. त्यानं क्यूआर पाठवला, स्कॅन करून पिन टाका म्हणाला, आणि खात्यातून आणखी १३,५०० गेले. बायांनो, पैसे येताना पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. हे मला ठाऊक होतं. तरी घाईत, तो सतत बोलत असताना, बोट चाललंच.

त्यानंतर दोन दिवस मी घरात कुणाला सांगितलं नाही, लाजेनं. हे सगळ्यात महागात पडलं. १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर आहे, तिथं पहिल्या तासाभरात कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता बरीच असते. मी फोन केला तोवर पहिली दोन्ही खाती रिकामी झाली होती. शेवटच्या व्यवहारातले ६ हजार तेवढे गोठवले गेलेत. ते अजून हातात आलेले नाहीत.

पुढं कॅम्पच्या स्वतःच्या साइटवरून खरा नंबर मिळाला. तिथले मॅनेजर म्हणाले, अशीच पावती घेऊन एक कुटुंब रात्री दारात आलं होतं, लहान मुलांसह. सगळे तंबू भरलेले.

नकाशावरच्या त्या नंबराची तक्रार आम्ही दोघींनी केली. तो निघाला. चार दिवसांनी बघितलं, तर त्याच नावाखाली दुसरा मोबाईल नंबर होता.