क्वार्टर की सेमिस्टर? साउथ बेमधलं कम्युनिटी कॉलेज निवडताना

पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज आणि पुढची दोन यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) किंवा सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटी, हे गणित साउथ बेमधल्या, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या आसपासच्या मराठी घरांत आता कुणाला पटवून द्यावं लागत नाही. घोडं अडतं ते कुठलं कॉलेज यावर. मग पार्किंगची चर्चा होते, इमारतींची होते, 'तिथली मुलं कशी आहेत' याची तर हमखास होते. मला विचाराल तर एवढंच बघा, की ते कॉलेज क्वार्टरवर चालतं की सेमिस्टरवर, म्हणजे उन्हाळा सोडून वर्षाचे तीन भाग होतात की दोन.

कुपर्टिनोचं डी अँझा आणि लॉस आल्टोस हिल्सचं फूटहिल ही क्वार्टरवाली. साराटोगाचं वेस्ट व्हॅली, सँटा क्लाराचं मिशन आणि सॅन होजेमधली सॅन होजे सिटी व एव्हरग्रीन व्हॅली ही सेमिस्टरवाली. आपण ज्या गावात राहतो तिथल्याच कॉलेजात जायला हवं असं बंधन नाही, म्हणून तर हा प्रश्न पडतो. मी बारावी करून आईबाबांबरोबर इथे आलो, सुरुवात क्वार्टरने केली आणि ट्रान्स्फरपर्यंतचं, म्हणजे विद्यापीठात जाईपर्यंतचं, उरलेलं शिक्षण सेमिस्टरच्या कॉलेजात पुरं केलं. तेव्हा जे लिहितोय ते दोन्ही चाखून.

फीचा मुद्दा लगेच निकालात काढतो. फी युनिटवर, म्हणजे कोर्स मोजायच्या मापावर, ठरते: क्वार्टर युनिटला ३१ डॉलर, सेमिस्टर युनिटला ४६. पहिलं स्वस्त वाटतं, पण ट्रान्स्फरसाठी तिकडे ९० युनिट लागतात आणि इकडे ६०. म्हणजे २,७९० विरुद्ध २,७६०. एवढ्या फरकावर कुणी कॉलेज ठरवू नये. नुकतेच कॅलिफोर्नियात आला असाल तर मात्र रहिवासी ठरायला एक वर्ष आणि एक दिवस राहावं लागतं. तोवर फी कितीतरी पट जास्त, आणि तो फटका कुठल्याही कॉलेजात बसतोच.

क्वार्टरचं कौतुक आधी करतो, कारण ते खरं आहे. बर्कली आणि मर्सेड सोडली तर यूसीची पदवीची कॉलेजं क्वार्टरवरच चालतात. त्यामुळे डेव्हिस किंवा सँटा क्रूझला गेल्यावर वेगाचा धक्का बसत नाही. एखादा विषय हुकला तर तीन महिन्यांत पुन्हा संधी मिळते, सेमिस्टरमध्ये सहा महिने थांबावं लागतं. शिक्षक पटला नाही तर डिसेंबरच्या मध्यापर्यंत सुटका. डी अँझाचं नाव मोठं आहे, विषयांची निवडही भरपूर. (१९८४ साली मॅकिंटॉश पहिल्यांदा लोकांसमोर आला तो तिथल्याच फ्लिंट सेंटरमध्ये, हे तुम्हाला कुणीतरी सांगेलच. त्याने इंटिग्रेशन सुटत नाही.)

वेगाबद्दल मात्र एक सांगायला हवं. शिकवण्याचे अकरा आठवडे आणि बारावा परीक्षेचा. आपल्याकडे बोर्डाची सवय अशी, की दिवाळीपर्यंत निवांत आणि जानेवारीपासून धडाका. इथे शिक्षकाचं नाव नीट उच्चारता येईस्तोवर पहिली मिडटर्म दारात असते. फ्लूने आठवडाभर झोपलात तर तो आठवडा भरून निघत नाही. सेमिस्टरमध्ये सोळा-सतरा आठवडे मिळतात, त्यात एखादा वाईट आठवडा पचतो. अर्थात ज्यांना मुळातच दमाने अभ्यास करायची सवय आहे त्यांना याचं काही वाटत नाही.

माझा निर्णय झाला तो मात्र वेगावरून नाही. तो झाला नोंदणीवरून.

नोंदणीची तारीख तुमच्या आधीच्या युनिटांवर ठरते, त्यामुळे नवा विद्यार्थी रांगेत शेवटी. त्याची वेळ येईपर्यंत कॅल्क्युलस आणि फिजिक्सचे सोयीचे वर्ग भरलेले असतात. मग वेटलिस्ट, मग पहिल्या दिवशी वर्गात जाऊन बसायचं आणि ॲड कोड (भरलेल्या वर्गात नाव घालायला शिक्षक देतो तो क्रमांक) मिळेल या आशेवर थांबायचं. हे सगळीकडे आहे, त्यात कुठल्या एका कॉलेजचा दोष नाही. पण क्वार्टरमध्ये उन्हाळा धरलाच नाही तरी ते वर्षातून तीनदा होतं. मी तेव्हा एका दुकानात काम करायचो. वेळापत्रक बदललं की मॅनेजरकडे जाऊन नव्या शिफ्ट मागायच्या, आणि ॲड कोड हातात येईपर्यंत वेळापत्रक नक्की नाही, म्हणजे त्याला नेमकं काय सांगायचं हेही माहीत नाही. त्याच्या चेहऱ्यावर 'पुन्हा आलास?' असायचं. शिफ्टची घडी बसतेय न बसतेय तोच पुढच्या क्वार्टरची नोंदणी उघडायची. अभ्यासाने मी कधी इतका थकलो नाही. सेमिस्टरला गेल्यावर हीच कटकट वर्षातून दोनदा होऊ लागली. कागदावर फरक एकाचाच, पण मधले चार महिने सलग शांत मिळतात, आणि निदान मला तरी त्या शांततेतच फिजिक्स कळलं.

आणखी एक गोष्ट माझ्या बाजूने. यूसीच्या सहा कॅम्पसपैकी एकात प्रवेशाची आधीच हमी मिळवून देणारा टॅगचा (ट्रान्स्फर ॲडमिशन गॅरंटी) अर्ज १ ते ३० सप्टेंबरमध्ये भरायचा असतो. सेमिस्टरची कॉलेजं सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत सुरू झालेली असतात, काउन्सेलरला गाठून अर्ज तपासून घेता येतो. क्वार्टरचं वर्ष सप्टेंबरच्या शेवटाकडे सुरू होतं, म्हणून हे काम उन्हाळ्यातच उरकावं लागतं. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो टॅगमध्ये नाहीत, त्यामुळे डोळा फक्त त्यांच्यावर असेल तर हा मुद्दा सोडून द्या.

मधेच कॉलेज बदलायचा विचार असेल तर साखळीतले विषय तोडू नका. डी अँझात कॅल्क्युलसचे चार कोर्स, वेस्ट व्हॅलीत तीन. दोन इकडे नि उरलेले तिकडे केले तर मधला कुठला तरी धडा दोनदा होतो किंवा एकदाही होत नाही. मी चारही संपवल्यावरच हललो. बाकी कॉलेजातला कुठला कोर्स कुठल्या विद्यापीठात चालतो ते असिस्टच्या (assist.org) साइटवर दिसतं. ज्या विद्यापीठात जायचंय तिथला तुमचा मेजर (पदवीचा मुख्य विषय) टाकून दोन्ही कॉलेजांच्या याद्या शेजारी शेजारी उघडा.

नोकरी करत शिकणार असाल तर मी सेमिस्टरच सुचवेन. घरी राहून फक्त अभ्यास करायचा असेल आणि पुढे यूसीच गाठायची असेल, तर क्वार्टर घेऊ नका असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. माझ्या मावसभावाने तेच घेतलं आणि तो मजेत आहे. त्याला अर्थात शिफ्ट मागायला कुणाकडे जावं लागत नाही.