बॉक्स्टरचा अलार्म आणि माझे १,०५६ पाउंड

इंग्लंडात जुनी पोर्श बॉक्स्टर बाळगणाऱ्यांनी हे नीट वाचा, एका इलेक्ट्रिशियनने न केलेल्या कामाचे १,०५६ पाउंड माझ्याकडून उकळले. आणि "एवढंपण कळलं नाही का" म्हणणाऱ्यांनी आधी रात्री दोनला पावसात, सायरन बोंबलणाऱ्या गाडीशेजारी पायजम्यात उभं राहून दाखवावं, वर गोरे शेजारी पडदा सारून बघतायत.

माझी २००१ ची ९८६, म्हणजे बॉक्स्टरची पहिली पिढी. लॉक केली की कधी गप लॉक व्हायची, कधी एक छोटा बीप द्यायची, आणि मधूनच रात्री अख्खा अलार्म. घरी येऊन काम करणारा ऑटो इलेक्ट्रिशियन बोलावला, रिव्ह्यू चांगले होते हो! लॅपटॉप लावला, लाल लाल ओळी दाखवल्या, म्हणाला सीटखालचं अलार्म-इमोबिलायझर युनिट (ओळखीच्या चावीशिवाय गाडी सुरू होऊ न देणारा डबा) पाण्याने गेलंय. आता ही गाडी ज्यांच्याकडे आहे त्यांना माहितीये की हे खरंच होतं, छताच्या पाण्याच्या नळ्या पानांनी तुंबतात, पाणी कार्पेटखाली साचतं आणि ते युनिट बुडतं. म्हणून तर पटलं. साफ थाप असती तर मी दारातूनच हाकलला असता.

युनिट ६४०, कोडिंग (नवं युनिट गाडीशी जुळवणं) १८०, येण्याचे ६०, वर २० टक्के व्हॅट १७६. कार्ड मशीन "आज चालत नाही" म्हणून बँक ट्रान्सफर. बिलावर व्हॅट नंबरच नाही, हे नंतर दिसलं. नंबर असेल तर सरकारी साइटवर फुकट तपासता येतो, तपासा.

आणि आता जे मला अजून झोपू देत नाही ते. दुसऱ्या दिवशी बायको दुसरी चावी घेऊन गाडी काढून गेली. ती चावी त्या माणसाने पाहिलीसुद्धा नव्हती, किचनच्या ड्रॉवरमध्ये पडलेली! नवीन युनिट बसवलं की प्रत्येक चावी त्याला शिकवावी लागते, नाहीतर गाडी सुरूच होत नाही. म्हणजे आत जुनंच युनिट होतं. हे माझ्या डोळ्यासमोर घडलं आणि मी काय म्हणालो, "बघ, कशी एका झटक्यात सुरू झाली." पण मला सांगा, गाडी सुरू झाली म्हणून संशय कोण घेतं? तो काम करत होता तेव्हा मी वर ऑफिसच्या कॉलवर होतो, नोकरी करायची का त्याच्या डोक्यावर उभं राहायचं? जुना पार्ट मागा, फोटो नको, पार्ट. मी मागितला तर म्हणे एक्स्चेंजमध्ये गेला.

पुढच्या पावसात परत सायरन. त्याचा फोन बंद. शेवटी एका छोट्या पोर्शवाल्या गॅरेजने कार्पेट उचललं, खाली कोरडं ठणठणीत, युनिट जुनंच, धूळसुद्धा हललेली नाही. खरा दोष दोन सीटमधल्या बॉक्सच्या झाकणाचा मायक्रोस्विच, म्हणजे झाकण बंद आहे का हे गाडीला सांगणारा छोटा स्विच. लॉक करताना एक बीप म्हणजे गाडीला काहीतरी उघडं दिसतंय, दार, डिकी, हा बॉक्स, आधी एकेक दाबून बघा. ६५ पाउंडात काम झालं, मजुरीसकट.

मग सुरू झाली खरी सर्कस. बँकेला सांगितलं, ७ ऑक्टोबर २०२४ पासून फसवून करवलेले ट्रान्सफर ८५,००० पाउंडपर्यंत परत द्यायचा नियम आहे ना? तर उत्तर, माणूस आला, काम केलं, तुम्ही समाधानी नाही, हा सिव्हिल डिस्प्यूट, म्हणजे तुमच्या दोघांतला दिवाणी वाद, त्यात हा नियम बसत नाही. अरे काम केलंच नाही हाच तर मुद्दा आहे! पोलीस म्हणाले तक्रार ऑनलाइन भरा, भरली, एक नंबर आला, त्यानंतर शांतता. ग्राहक हेल्पलाइनवरच्या बाईंनी गोड आवाजात २०१५ चा कन्झ्युमर राइट्स अॅक्ट समजावला आणि त्या इलेक्ट्रिशियनला पत्र लिहा म्हणाल्या. कुठे लिहू? बिलावरचा पत्ता म्हणजे भाड्याची टपालपेटी. क्रेडिट कार्डने दिले असते तर १०० पाउंडांच्या वरच्या कामाला क्रेडिट कायद्याच्या सेक्शन ७५ खाली कार्ड कंपनीलाच धरता आलं असतं, मशीन चालत नाही म्हणाला तर त्याला सांगा चालेल तेव्हा ये.

आता स्मॉल क्लेम्स, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांचं कोर्ट. फी ८० पाउंड, वर समन्स पोचायला खरा पत्ता हवा. व्हॅन पांढरी होती एवढंच आठवतंय, तुम्ही मात्र नंबर प्लेटचा फोटो आधी काढा. गॅरेजवाल्याने युनिटचा फोटो आणि चावीबद्दल सहीशिक्क्याचं पत्र दिलंय, ते जोडून सोमवारी फॉर्म टाकतोय.