१२० हर्ट्झ, टोटल २२५०: सहा महिन्यांच्या वापरानंतर

मॉनिटर २४.५ इंची, १०८०पी, २४० हर्ट्झचा (सेकंदाला २४० फ्रेम दाखवणारा), टीएन या वेगवान एलसीडी प्रकारच्या पॅनेलवाला. डिस्प्लेपोर्ट १.२, एनव्हिडियाचं कार्ड, विंडोज १०. गेले सहा महिने तो २४० वर नाही, १२० हर्ट्झवर चालतोय, स्ट्रोब (पडद्यामागचा दिवा, म्हणजे बॅकलाइट, दर फ्रेमला क्षणभरच पेटवणारा मोड) चालू ठेवून. २४० चे पैसे मोजायचे आणि १२० वर चालवायचं, ही उलटी गंगा वाटेल. पण हलत्या चित्रातला ब्लर घालवायचा असेल तर या मॉनिटरची खरी कमाई तिथेच आहे.

आधी हिशोब. साध्या मोडमध्ये १२० हर्ट्झला प्रत्येक फ्रेम ८.३३ मिलिसेकंद पडद्यावर टांगलेली राहते. टेस्ट यूएफओ या ऑनलाइन चाचणीतली तबकडी सेकंदाला ९६० पिक्सेल सरकते, म्हणजे डोळ्याला ८ पिक्सेलचा ओघळ दिसतो. स्ट्रोबमध्ये बॅकलाइट दर फ्रेमला एकदाच, समजा १ मिलिसेकंद पेटते आणि ओघळ जेमतेम १ पिक्सेलवर येतो. मग अडतं कुठे? एलसीडी वरून खाली रेघ-रेघ बदलत जातो. बॅकलाइट पेटते त्या क्षणी खालच्या रेघांचे पिक्सेल अजून पालटतच असतात. म्हणून पडद्याच्या मध्यावर तबकडी स्वच्छ, पण खाली तिच्यामागे तिचीच फिकट दुसरी प्रत. यालाच क्रॉसटॉक म्हणतात. मेन्यूमधला स्ट्रोब फेज (बॅकलाइट नेमकी कोणत्या क्षणी पेटायची ते ठरवणारा आकडा) फिरवून हा पट्टा वर-खाली ढकलता येतो, घालवता येत नाही.

घालवायचा तर शेवटची रेघ लिहून झाल्यावर पिक्सेलांना स्थिरावायला वेळ हवा. तो वेळ म्हणजे व्हर्टिकल ब्लँकिंग. १२० हर्ट्झच्या नेहमीच्या टायमिंगमध्ये व्हर्टिकल टोटल, म्हणजे एका फ्रेममधल्या एकूण रेघा, ११४४ असतो: १०८० दिसणाऱ्या रेघा आणि ६४ न दिसणाऱ्या. या ६४ रेघांना मिळतात ०.४७ मिलिसेकंद, आणि खरा टीएन पॅनेल तेवढ्यात पालटत नाही, खोक्यावर ‘१ एमएस’ छापलेलं असलं तरी. टोटल १३५० केला की मोकळा वेळ १.६७ होतो. २२५० केला की चित्र ४ मिलिसेकंदांत लिहून होतं आणि ४.३३ मोकळे उरतात. हर्ट्झ तेच, फक्त रेघा दुप्पट वेगानं जातात. २४० चा पॅनेल इथे कामाला येतो, कारण त्या वेगानं रेघा लिहिणं हे त्याचं रोजचंच काम. १४४ चा पॅनेल असेल तर १३५० च्या आसपासच समाधान मानावं लागेल.

कमाल टोटल अंदाजे असा काढा. सर्वात वरच्या रिफ्रेश रेटचा टोटल गुणिले तो रेट, भागिले हवा तो रेट. २४० ला टोटल ११४० असेल तर २,७३,६०० भागिले १२०, म्हणजे २२८०. थोडी फट ठेवून २२५०. पिक्सेल क्लॉक, म्हणजे सेकंदाला पाठवायचे पिक्सेल, हाही तपासा: २०८० (हॉरिझॉन्टल टोटल, म्हणजे न दिसणारे धरून एका रेघेतले पिक्सेल) × २२५० × १२० = ५६१.६ मेगाहर्ट्झ. डिस्प्लेपोर्ट १.२ ला ८ बिटमध्ये ७२० पर्यंत चालतं, एचडीएमआय २.० ला ६००. एचडीएमआय १.४ ची मर्यादा ३४०, तिथे १३५० (३३६.९६) कसाबसा बसतो. ड्युअल-लिंक डीव्हीआयच्या ३३० मध्ये तो बसत नाही. तिथे हॉरिझॉन्टल टोटल २०८० वरून २००० करा, म्हणजे ३२४ होतो.

हे सगळं टोस्टीएक्सच्या सीआरयू या मोफत टूलनं होतं. ते मॉनिटरमध्ये काही लिहीत नाही, विंडोजच्या रजिस्ट्रीत ईडीआयडीचा (मॉनिटर संगणकाला स्वतःबद्दल देतो त्या माहितीचा) ओव्हरराइड, म्हणजे बदली नोंद, टाकतं, त्यामुळे मॉनिटर ‘ब्रिक’ (कायमचा निकामी) होण्याची भीती नको. सुरुवातीला मॉनिटरच्या मेन्यूत व्हेरिएबल रिफ्रेश (गेमच्या फ्रेमनुसार रिफ्रेश रेट बदलणारा पर्याय) बंद करा; तो चालू असताना बहुतेक मॉनिटर स्ट्रोबचा पर्याय राखाडीच ठेवतात. मग सीआरयूत नवीन डिटेल्ड रिझोल्यूशन, टायमिंग ‘मॅन्युअल’. आडवे आकडे (पोर्च आणि सिंक म्हणजे चित्राच्या कडेचे न दिसणारे भाग): १९२०, फ्रंट पोर्च ४८, सिंक ३२, बॅक पोर्च ८०, टोटल २०८०. उभे: १०८०, फ्रंट ३, सिंक ५, बॅक ११६२, टोटल २२५०. रिफ्रेश १२०. मग सीआरयूसोबत येणारं, ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा सुरू करणारं रीस्टार्ट६४ चालवा, पडदा काळा होऊन परत येईल, आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १२० निवडा.

वाढीव रेघा बॅक पोर्चमध्येच का? साध्या डिटेल्ड नोंदीत उभ्या फ्रंट पोर्चला आणि सिंकला फक्त ६ बिट असतात, म्हणजे जास्तीत जास्त ६३. रेघा फ्रंट पोर्चमध्ये घालायच्याच असतील तर सीआरयूत डिस्प्लेआयडी या नव्या साच्याचा एक्स्टेन्शन ब्लॉक जोडून नोंद तिथे करा. अनेकांचं ‘माझ्याकडे आकडाच घेत नाही’ हे गाऱ्हाणं इथलंच असतं.

थेट २२५० वर उडी मारू नका. ११४४, १३५०, १५००, १८००, २१००, २२५० असे टप्पे घ्या. प्रत्येक टप्प्यावर फेज आणि ओव्हरड्राइव्ह (पिक्सेल लवकर पालटावेत म्हणून दिलेला जादा धक्का) नव्यानं लावावा लागतो, कारण स्ट्रोबचा क्षण आणि रेघांचा वेग यांचं नातं दर वेळी बदलतं. टोटल वाढवून फेज जुनाच ठेवला तर चित्र आधीपेक्षा वाईट दिसू शकतं आणि माणूस म्हणतो, काही उपयोग नाही. तबकडीच्या मागे पांढुरकी कड दिसली तर ओव्हरड्राइव्ह एक पायरी खाली. गडद सावली ओढली जात असेल तर एक पायरी वर.

टोटल खरंच बदलला का, हे मॉनिटरच्या माहितीच्या पानावर आडवी फ्रीक्वेन्सी दिसत असेल तर लगेच कळतं: ११४४ ला १३७ किलोहर्ट्झ, १३५० ला १६२, २२५० ला २७०. आकडा १३७ वरच अडकला असेल तर ड्रायव्हर दुसरीच नोंद वापरतोय. जुनी १२० ची नोंद सीआरयूतून काढून टाका.

बिघाड कसे दिसतात? काळा पडदा किंवा ‘आउट ऑफ रेंज’ हा सर्वात प्रामाणिक. त्यासाठी रीस्टार्ट६४ मध्ये एफ८ दाबलं की ओव्हरराइड तात्पुरते बाजूला होतात. तेही जमलं नाही तर सेफ मोडमध्ये जाऊन सीआरयूसोबतचं रीसेट-ऑल, म्हणजे सगळे बदल पुसले जातात. लबाड बिघाड वेगळा: चित्र येतं, पण मॉनिटर गुपचूप फ्रेम गाळतो. टेस्ट यूएफओची फ्रेम-स्किपिंग चाचणी लावा आणि फोननं १/१० सेकंदाच्या एक्स्पोजरनं फोटो काढा. चौकटींची सलग रांग हवी. मधे एखादी रिकामी दिसली तर टोटल ५० नं उतरवा.

फरकाचं खरं मोजमाप असं. ११४४ वरून १३५० वर येताना पडद्याचा खालचा तिसरा हिस्सा डोळ्यांदेखत सुधारतो. १३५० ते १८०० हाही टप्पा सहज जाणवतो. १८०० ते २२५० मधला फरक मात्र तळाच्या बोटभर पट्टीतच दिसतो, आणि गेममध्ये तिथे बहुधा गोळ्यांचा आकडा असतो. एवढ्यासाठी मॉनिटर कुरकुरत असेल तर १८०० वर खुशाल थांबा.

महिन्यांच्या वापरात कळणाऱ्या गोष्टी वेगळ्या. थंडीत एलसीडी सुस्तावतो. जुलैत नेमका लावलेला फेज जानेवारीच्या सकाळी चुकलेला वाटतो, आणि अर्ध्या तासानं पॅनेल तापला की आपोआप जागेवर येतो. म्हणून थंड पॅनेलवर ट्यूनिंग करूच नका. केबल कार्डाच्या दुसऱ्या पोर्टात लावली की विंडोज तो नवा मॉनिटर समजतो आणि सगळे आकडे पुन्हा भरावे लागतात. सीआरयूतून फाइल एक्स्पोर्ट करून ठेवली असेल तर ते दोन मिनिटांचं काम. कुठल्या टायमिंगला कोणता फेज, हे मात्र मॉनिटर लक्षात ठेवत नाही. कागदावर लिहून ठेवा.

उजेड कमी होतो, याला इलाज नाही. खिडकीसमोर बसणाऱ्यांनी बॅकलाइटचा झपका थोडा लांब ठेवावा आणि थोडा ब्लर सोसावा. आणि गेम १२० वर कुलूप लावल्यासारखा चालला पाहिजे. फ्रेम ११० वर घसरल्या की स्ट्रोबमध्ये कडा लगेच दुहेरी होतात, साध्या मोडपेक्षा जास्त बोचतात. कार्डाची तेवढी ताकद नसेल तर १०० हर्ट्झ, टोटल २७०० लावा. पिक्सेल क्लॉक तोच ५६१.६, मोकळा वेळ पूर्ण ६ मिलिसेकंद, आणि चित्र १२० पेक्षाही स्वच्छ. फक्त पांढऱ्या पानावर लुकलुक जाणवते, म्हणून गेम संपला की स्ट्रोब बंद करून मगच ब्राउझर उघडा.