ब्रूज की फ्लॉरेन्स?

युरोपीय एकीकरण, म्हणजे युरोपातले देश युरोपीय संघात कसे एकत्र आले, हे शिकायचं म्हटलं की दोन नावं हमखास पुढे येतात: बेल्जियममधल्या ब्रूजचं कॉलेज ऑफ युरोप आणि इटलीतल्या फ्लॉरेन्सजवळची युरोपियन युनिव्हर्सिटी इन्स्टिट्यूट.

ब्रूजचं कॉलेज १९४९ मधलं. पदव्युत्तर अभ्यासक्रम एका वर्षाचा, शिकवणं इंग्रजी-फ्रेंचमध्ये आणि बरेचसे प्राध्यापक बाहेरून येऊन शिकवणारे. ब्रुसेल्समधून चालणाऱ्या युरोपीय संघाच्या कारभारात शिरायचं असेल, तर ही वाट सरळ आहे.

फ्लॉरेन्सचं गणित वेगळं. १९७२ च्या करारातून जन्मलेल्या आणि १९७६ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेचा भर पीएचडीवर आहे. मुदत चार वर्षं. राज्यशास्त्र, इतिहास, कायदा आणि अर्थशास्त्र इथे शेजारी शेजारी नांदतात. शिवाय युरोपीय संघाचं ऐतिहासिक दप्तर इथेच, व्हिला साल्व्हियाती या वास्तूत आहे. साधारण तीस वर्षांनी खुली होणारी ती कागदपत्रं स्वतः चाळणं आणि कुणीतरी काढलेला निष्कर्ष वाचणं, यात फार अंतर आहे. तौलनिक राजकारणाचंही तसंच: त्यात पक्ष, निवडणुका, संसदा यांची देशोदेशी तुलना करायची तर पद्धतीवर हात बसावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो. एका वर्षात ते जमत नाही.

म्हणून संशोधनाची खरी ओढ असेल, तर मी फ्लॉरेन्सच सुचवेन. फ्रेंच पक्कं करायचं असेल, तर मात्र ब्रूज.