बारावी पुन्हा: जुनं कॉलेज की एनआयओएस?

भाचा फिजिक्समध्ये अडकला. गुणपत्रिकेची घडी खिशातच विरली, पण ताईला धीर नव्हता: "एनआयओएसलाच टाकू का?" म्हणजे घरी अभ्यास करून बारावी देता येणारं राष्ट्रीय मुक्त विद्यालय.

खर्चात जुनं कॉलेज सरस. नापास विषयाचं परीक्षा शुल्क भरायचं. पास झालेल्या विषयांत सूट मिळते. एनआयओएसला प्रवेशाचे पैसे वेगळे, विषयवार परीक्षेचे वेगळे. शिवाय आधीचे जास्तीत जास्त दोनच विषय धरतात, बाकीचे पुन्हा. मेहनत वाढते ती इथे!

वेळेचं म्हणाल, तर राज्य मंडळाची पुरवणी परीक्षा जून-जुलैत होते. एनआयओएसला पाच वर्षांत नऊ संधी.

एकदोन विषय राहिलेल्यांनी आपलं कॉलेज सोडू नये. नोकरी सांभाळून सावकाश शिकणाऱ्यांना, विषयच बदलायचे असणाऱ्यांना एनआयओएस बरं. भाच्याचा फॉर्म आम्ही कॉलेजातच भरला.