फ्लॉपीवरून टाकलेलं विंडोज ३.१ : एक पावसाळा काढल्यानंतर

जुन्या मशीनवर हे जुनं विंडोज हौसेखातर टाकलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. ठाण्यात नौपाड्यात माझं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावण्याचं काम आहे. नव्वदच्या दशकात बसवलेल्या स्मरणिका, सोसायट्यांची उपविधी पुस्तकं, मंडळांचे अहवाल असा बराच माल पेजमेकर ५ या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फाइलींमध्ये पडून आहे. फॉन्ट युनिकोडच्या, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या सांकेतिक पद्धतीच्या, आधीचे. नव्या कॉम्प्युटरवर फाइलमधला मजकूर उचलला की मराठीच्या जागी कंस, डॉलर आणि उलटे स्वल्पविराम दिसतात. त्यात फॉन्टचं सॉफ्टवेअर पॅरलल पोर्टला (जुन्या प्रिंटरच्या जोडणीला) लॉक, म्हणजे कॉपी रोखणारी छोटी डबी, लावल्याशिवाय चालत नाही, आणि माझं लॉक इम्युलेटरला (नव्या कॉम्प्युटरवर जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरला) काही केल्या दिसलं नाही. मग खरा पॅरलल पोर्ट असलेलं ४८६ प्रोसेसरचं जुनं मशीन माळ्यावरून खाली काढलं. मे महिन्यात सगळं नव्याने टाकलं, दिवाळीची कामं त्यावरच निघाली.

मशीन डीएक्स२-६६, रॅम ८ एमबी. जुन्या हार्ड डिस्कवर भरवसा नव्हता, म्हणून कॅमेऱ्यात असतं तसं २५६ एमबीचं कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड आयडीई अडॅप्टरवर (हार्ड डिस्कच्या जागी जोडणाऱ्या पट्टीवर) बसवलं. मोठं कार्ड मुद्दाम टाळलं. त्या काळातल्या बऱ्याच बायोसना (मशीन सुरू करणाऱ्या आतल्या प्रोग्रामना) ५०४ एमबीच्या पुढची जागा दिसतच नाही, आणि विंडोज ३.१ ला एवढी जागाही कुठे लागते!

विंडोजच्या आधी डॉस टाकावं लागतं, कारण हे विंडोज त्याच्यावरच चालतं. डॉस ६.२२ च्या तीन फ्लॉप्या. पहिलीवरून मशीन सुरू केलं की सेटअप आपोआप धावत सुटतो. त्याला एफ३ दाबून थांबवायचं आणि ए प्रॉम्प्टवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या ओळीवर, यायचं. एफडिस्क हा डिस्कची विभागणी करणारा प्रोग्राम चालवून प्रायमरी पार्टिशन केलं, मशीन पुन्हा सुरू केलं, मग फॉरमॅट सी: /एस. इथपर्यंत सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं होतं. पण फ्लॉपी काढून मशीन चालू केलं तर कोपऱ्यात नुसता कर्सर लुकलुकतो, पुढे काही नाही. कॅमेऱ्यात फॉरमॅट झालेल्या कार्डावर अनेकदा बूटचा (मशीन सुरू करणारा) कोड नसतो, आणि एफडिस्क पार्टिशन करताना तो प्रत्येक वेळी लिहितोच असं नाही. एफडिस्क /एमबीआर अशी एक ओळ दिली आणि सी प्रॉम्प्ट आला. कार्ड वापरणाऱ्यांनी ही ओळ भिंतीवर लिहून ठेवावी.

खरा ताप विंडोजचा नाही, फ्लॉप्यांचा. माझा संच साडेतीन इंची सहा फ्लॉप्यांचा. ठाण्याच्या दमट हवेत वर्षानुवर्षं प्लॅस्टिकच्या डब्यात बंद. फ्लॉपीचं पत्र्याचं झाकण बोटाने बाजूला सरकवा, मागची धातूची चकती अंगठ्याने हळूहळू फिरवा आणि तिरप्या उजेडात बघा. काळपट तपकिरी पृष्ठभागावर पांढुरके ठिपके दिसले तर ती बुरशी. अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली की ती बुरशी हेडला चिकटते आणि पुढची धडधाकट फ्लॉपीसुद्धा ओरखडते. त्यामुळे एखादी फ्लॉपी अडली की तीच पुन्हा पुन्हा घालत बसू नये. आधी आयसोप्रोपाइल अल्कोहोलने हेड पुसावं, मगच पुढची घालावी. आणि मागच्या कोपऱ्यातली खिट्टी सरकवून राइट प्रोटेक्ट करायला, म्हणजे फ्लॉपीवर चुकून काही लिहिलं जाणार नाही असं करायला, विसरू नये.

म्हणूनच माझा सल्ला: सेटअप कधीही थेट फ्लॉपीवरून चालवू नका. सी वर एक डिरेक्टरी करा, सहाही फ्लॉप्या कॉपी /व्ही देऊन एकामागून एक तिच्यात उतरवा आणि सेटअप तिथून सुरू करा. ३.१ ला हे चालतं, मध्ये फ्लॉपी मागत नाही. कॉपी करताना ‘ॲबॉर्ट, रिट्राय, फेल’ आलंच, तर कोणती फाइल अडली ते तिथल्या तिथे समजतं. सेटअपच्या मध्यात तेच झालं की अर्धवट विंडोज गळ्यात पडतं. फाइली दाबलेल्या (कॉम्प्रेस केलेल्या) असतात, नावाच्या शेवटी अंडरस्कोर असतो. माझ्याकडे अडलेली एकच फाइल मित्राच्या संचातून आणली, बाकी सेटअप सुरळीत. आधी निळ्या पडद्यावरचा अक्षरी भाग, मग खिडक्यांचा भाग, शेवटी डॉसला परत जायचं की रीबूट करायचं हा प्रश्न.

आता वापराबद्दल. रोज सकाळी विन टाइप करून आत शिरायचं. स्टार्ट बटण नाही, प्रोग्राम मॅनेजरमधली चित्रं, संपलं. पेजमेकर त्यावर छान पळतो. त्रास फॉन्टचा. एका वेळी सगळे मराठी फॉन्ट चढवले की विन.आयएनआय ही विंडोजच्या सेटिंगची फाइल फुगते, विंडोज उघडायला रेंगाळतं. त्या फाइलला ६४ केबीची मर्यादा आहे. म्हणून कामापुरतेच फॉन्ट ठेवतो आणि विन.आयएनआयची प्रत वेगळी काढून ठेवतो. काही बिघडलं की डॉसमधून ती प्रत जागेवर टाकली, काम झालं. विंडोज डॉसच्या डोक्यावर बसलेलं असल्याचा हा फायदा मला फार आवडतो.

फाइल मॅनेजर २००० नंतरची सालं धड दाखवत नाही, आकड्याच्या जागी विसर्गासारखी टिंबं येतात. फाइलीला काही होत नाही. तारखेनुसार यादी हवी असेल तर डॉसमध्ये डीआयआर /ओडी बरोबर लावून देतं. दुकान बंद करताना विंडोजमधून बाहेर पडून सी प्रॉम्प्ट दिसेपर्यंत थांबतो. स्मार्टड्राइव्ह, म्हणजे डिस्कवर लिहायचं काम थोडा वेळ मेमरीत रोखून धरणारा प्रोग्राम, ठेवलं असेल तर एवढी शिस्त हवीच.

छपाईचा मार्ग असा: पेजमेकरच्या प्रिंटमधून पोस्टस्क्रिप्ट (प्रिंटरला समजणाऱ्या) फाइलमध्ये लिहायचं. ती फाइल फ्लॉपीच्या १.४४ एमबीत मावत नाही. मशीन बंद करून कार्ड काढायचं, यूएसबी रीडरने नव्या कॉम्प्युटरला लावायचं, घोस्टस्क्रिप्ट या सॉफ्टवेअरने पीडीएफ करायची. फॉन्ट आतच असल्याने काना-मात्रा जागच्या जागी राहतात. एका मंडळाचे सचिव १९९६ ची स्मरणिका घेऊन आले होते. म्हणाले, “अहो, नुसती पीडीएफ तर करून द्यायची आहे, त्याला एवढे दिवस कशाला?” त्यांना मशीनसमोर बसवलं. पान उघडल्यावर त्यांच्या वडिलांचा अध्यक्षीय लेख समोर आला आणि बिलावर घासाघीस झाली नाही.

पावसाळ्यात कार्डाने एकदाही दगा दिला नाही. फ्लॉपी ड्राइव्हने मात्र ऑगस्टमध्ये मान टाकली. दुसरा लॅमिंग्टन रोडवरून आणला, तर माझ्या काही जुन्या फ्लॉप्या त्याला वाचता येईनात. हेडची जागा केसभर सरकलेल्या ड्राइव्हवर लिहिलेली फ्लॉपी दुसरीकडे अडते, हे जुने लोक सांगायचेच. सुदैवाने सगळा माल तोवर कार्डावर उतरला होता.

ज्यांच्याकडे लॉकवालं सॉफ्टवेअर किंवा जुन्या फाइली नाहीत, त्यांनी या भानगडीत पडू नये, इम्युलेटर पुरे. ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी पुढच्या जूनच्या आत फ्लॉप्या उतरवून घ्याव्यात. ड्राइव्ह घेताना विक्रेत्याच्या टेबलावर आपलीच एखादी जुनी फ्लॉपी लावून डीआयआर देऊन बघा, आणि यादी शेवटपर्यंत आली तरच पैसे द्या.